आकाशात दोन महिने, जमिनीखाली पाच वर्षं

मामांना युरोप बघायची हौस कधीच नव्हती. मुलगी बर्लिनला स्थायिक होऊन कैक वर्षं झाली, तरी "तिथं काय बघायचंय?" म्हणून ते टाळत राहिले. शेवटी निघाले ते एका माणसापायी, आणि त्यांच्या सोबतीला मी. माणसाचं नाव बर्ट्रम आर्थर जेम्स. सगळे त्याला जिमी म्हणायचे.

मामा एकाहत्तर साली लोहगावला कॅनबेरा बॉम्बरवर एअरमन होते. विमान तयार करून द्यायचं आणि ते परतेपर्यंत धावपट्टीकडे डोळे लावून उभं राहायचं, अशी आपल्या नोकरीची व्याख्या ते करतात. जे परत येत नाहीत त्यांचं पुढे काय होतं, हे वाचायचा नाद त्यांना तिथूनच लागला असावा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या विमानांतून सुमारे सव्वा लाख माणसं गेली. त्यांतली ५५,५७३ मेली आणि ९,८०० हून जास्त युद्धकैदी झाली. जेम्स त्या कैद्यांपैकी एक.

त्याचा जन्म आपल्याकडचा, आसामातला, १७ एप्रिल १९१५ चा. वडील चहामळेवाले. शाळा कँटरबरीत, मग काही काळ कॅनडात, आणि १९३९ मध्ये ब्रिटिश हवाई दलात भरती. १९४० च्या वसंतात तो सफोकमधल्या हॉनिंग्टनच्या तळावर नवव्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. ५ जून १९४० च्या रात्री तो सेकंड पायलट असलेलं वेलिंग्टन बॉम्बर विमान हॉलंडवर पाडलं गेलं आणि पॅराशूटनं उतरलेला जेम्स पकडला गेला. बॉम्बर वैमानिक म्हणून कारकीर्द म्हणाल तर जेमतेम दोन महिन्यांची! त्यानंतरची पाच वर्षं तो खणत होता. जर्मन छावण्यांच्या फरश्यांखाली, पोटावर पडून, मिळेल त्या हत्यारानं. आम्हाला त्याच्या याच कारकिर्दीचा माग काढायचा होता.

शनिवार : झागान

मामेबहिणीनं गाडी काढली आणि दुपारच्या आत आम्ही पोलंडमधल्या झागानला पोचलो. मे महिन्याच्या मध्यावर इतकी थंडी असेल असं वाटलं नव्हतं. मुक्कामाच्या घरची बाई अंगणात टोमॅटोच्या रोपांवर जुन्या चादरी टाकत होती. तिनं हातवारे करत सांगितलं की पंधरा मेची थंड सोफी होऊन जाईपर्यंत रोपं उघडी ठेवायची नसतात. सोफी ही संत. तिच्या आधी तीन दिवस आणखी थंड संत येऊन जातात. मामांनी तेवढ्यात कानटोपी घातली आणि बाईला पाहुणा पसंत पडला.

युद्धाच्या काळात हे गाव जर्मनीत होतं, नाव होतं सागान. जर्मन हवाई दलानं १९४२ मध्ये इथं पाइनच्या रानात शत्रूच्या विमानवाल्यांसाठी श्टालाग लुफ्ट ३ ही छावणी उघडली. जागा मुद्दाम शोधली होती. वरचा थर करडा मातकट, आणि वीतभर खाली पिवळीजर्द भुसभुशीत वाळू. बोगदा खणलाच तर ढासळणार, आणि बाहेर आणलेली वाळू लांबूनही दिसणार. बराकी जमिनीपासून उचललेल्या, म्हणजे खालून पहारेकऱ्यांना वाकून बघता यावं. शिवाय जमिनीत खणण्याचा आवाज टिपणारी यंत्रं पुरलेली. थोडक्यात, जेम्ससारख्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवूनच ही जागा निवडली होती. त्याआधी तो बाल्टिक किनाऱ्यावरच्या बार्टच्या छावणीत होता आणि तिथंही बोगद्यांच्या उद्योगात होता. बार्ट आम्हाला या फेरीत जमलं नाही.

संग्रहालय गावाबाहेर आहे. लहानसंच, पण नेटकं. आवारात १०४ नंबरच्या बराकीची प्रतिकृती उभी आहे. आत दुमजली लाकडी पलंग, टेबल आणि शेगडी. ही शेगडीच महत्त्वाची. टॉम, डिक आणि हॅरी अशा तीन बोगद्यांपैकी हॅरी शेगडीखाली सुरू झाला. सरळ खाली साधारण नऊ मीटर, मग आडवा शंभर मीटरच्या वर, आणि रुंदी-उंची जेमतेम दोन फूट. मामांनी प्रतिकृतीच्या तोंडाशी आपली काठी आडवी धरून पाहिली. काठी आत मावेना. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मेकॅनिकच्या आवाजात प्रश्न सुरू झाले : हवा कशी पोचवली? आधाराला काय लावलं? उजेड कुठून आणला?

तिथल्या तरुण गाइडला असा गिऱ्हाईक रोज मिळत नसावा. त्याचा चेहरा खुलला. हवेसाठी कॅनव्हासच्या पिशव्यांचा भाता केला होता आणि रेडक्रॉसच्या पार्सलांतून आलेल्या दूधपावडरच्या रिकाम्या डब्यांची बुडं कापून, एकमेकांत बसवून नळी केली होती. भिंतींना आधार पलंगांच्या फळ्यांचा. नंतर जर्मनांनी मोजदाद केली तेव्हा सुमारे ४,००० फळ्या गायब होत्या, आणि जेवणाच्या १,२१९ सुऱ्या. विजेची तार कैद्यांनी छावणीतूनच उडवली होती. आत लाकडी रुळांवर ढकलगाडी होती, तीवर उताणं किंवा पालथं पडून माणसाला दोरीनं ओढायचं. वाळू पँटच्या आत लोंबणाऱ्या लांबट पिशव्यांतून बाहेर न्यायची आणि चालता चालता पायांपाशी सोडून वरच्या मातीत मिसळायची. हिवाळ्यात बर्फावर पिवळी वाळू टाकणार कुठं? तेव्हा कैद्यांनी स्वतः बांधलेल्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांखाली ती भरली. मामा म्हणाले, "म्हणजे वर नाटक चालू आणि खाली हॅरी बसलेला!" गाइडला हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा तो मनापासून हसला.

खरी छावणी तिथून थोडी दूर, रानात आहे. तिथं उभं असं फारसं काही उरलेलं नाही. पाइनची उंच झाडं, विटांचे चौथरे, आग विझवायच्या पाण्याचा जुना हौद आणि हॅरीची वाट दाखवणारी दगडांची रांग. त्या रांगेवरून चालत गेलो तर मुंगीच्या गतीनंही दोन-तीन मिनिटांत संपते. खणायला जवळपास वर्ष गेलं होतं. मी बुटाच्या टोकानं जरा उकरलं तर बोटभर खाली ती पिवळी वाळू खरंच निघाली.

पळायची रात्र, २४ मार्च १९४४ ची, बिनचांदण्याची होती. बाहेर बर्फ. बोगद्याचं बाहेरचं झाकण गोठल्यामुळे उघडेना. उघडलं तेव्हा कळलं की तोंड झाडीच्या अलीकडेच, उघड्यावर निघालंय. मध्येच बर्लिनवर विमानहल्ला झाला म्हणून छावणीची वीज गेली आणि बोगद्यात अंधार. दोनशे जण निघायचे होते, पहाटे पहारेकऱ्याला सुगावा लागेपर्यंत ७६ निघाले. जेम्स एकोणचाळिसावा. बॉम्बर वैमानिकाला वरून होणाऱ्या बॉम्बहल्ल्याचा असा फटका बसावा, ही गोष्ट मला तिथं उभं राहून फार विचित्र वाटली. मामांना नाही वाटली. "आपलंच विमान आहे म्हटल्यावर वीज गेलेली चालते," म्हणाले.

'द ग्रेट एस्केप' या हॉलिवूडच्या सिनेमातली कुंपणावरून मोटारसायकलची उडी डोक्यात घेऊन इथं कुणी आलं तर हिरमोड होईल. तसलं काही घडलं नाही. घडलं ते असं : ७६ पैकी ७३ पुन्हा सापडले आणि त्यांतल्या ५० जणांना हिटलरच्या हुकमावरून गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गोळ्या घातल्या. घरी पोचले फक्त तिघं, दोन नॉर्वेचे आणि एक डच. त्या पन्नासांच्या रक्षा कलशांतून छावणीत परत आल्या. मागे राहिलेल्या सोबत्यांनी त्यांच्यासाठी बांधलेलं दगडी स्मारक अजून रानाच्या कडेला आहे. मामांनी त्यावरची नावं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पोलिश, झेक, ग्रीक, लिथुआनियन, ऑस्ट्रेलियन, नॉर्वेजियन; उच्चार अडखळत होते, तरी शेवटापर्यंत वाचली.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. संग्रहालय आणि बोगद्याची जागा वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, तेव्हा संग्रहालयातून नकाशा घ्या आणि दोन्हींसाठी मिळून अर्धा दिवस राखा. रेल्वेनं यायचं तर बर्लिनहून कोटबुसमार्गे येता येतं, पण गाड्या मोजक्या. परतीची वेळ आधी बघून ठेवा. मेच्या पहिल्या तीन दिवसांत पोलंडभर सुट्ट्या असतात, तेव्हा जाऊ नका.

रात्री जेवायला झुरेक नावाचं सूप घेतलं. राईचं पीठ आंबवून करतात. सॉसेज आणि अंडं काढलं तर थेट आपली आंबील. मामा शाकाहारी, त्यांच्यासाठी बटाटा आणि पनीर भरलेले पियेरोगी आले. ते मागवताना वर डुकराच्या चरबीची फोडणी नको असं आठवणीनं सांगावं लागतं, नाहीतर येतेच.

रविवार : शेदलेंचिन आणि येलेन्या गुरा

बोगद्यातून निघालेल्या बऱ्याच जणांनी झागानच्या मोठ्या स्टेशनवरून एक्स्प्रेस गाड्या धरल्या. जेम्सची टोळी बारा जणांची होती, रजेवर निघालेले लाकूड-कारखान्याचे परदेशी कामगार अशा वेषात. ते रान तुडवत एका लहान स्टेशनवर गेले. येझी मोंडशाइन या पोलिश विमानवाल्यानं बाराच्या बारा तिकिटं काढली, बोबररोर्सडॉर्फ नावाच्या खेड्याची. तेच आजचं शेदलेंचिन.

खेड्यात बघायला काही असेल अशी अपेक्षा नव्हती, आणि नदीकाठी हा भला थोरला चौकोनी दगडी बुरूज! चौदाव्या शतकात इथल्या राजानं राहण्यासाठी बांधलेला. लाकडी जिना कुरकुरत वर गेलो तर दुसऱ्या मजल्याच्या भिंतीवर लान्सलॉट या सरदाराच्या कथेची चित्रं, सातशे वर्षांपूर्वीची. खालच्या खोलीत तिकीट देणाऱ्या बाईनं आम्हाला स्टोव्हजवळ बसवून चहा पाजला. आम्ही भारतातून बुरूज बघायला आलो असं तिला वाटलं. बारा कैद्यांची गोष्ट सांगितली तर तिला ती आमच्याहून जास्त माहीत निघाली. स्टेशन कुठल्या अंगाला, ते डोंगरात कुठल्या दिशेनं शिरले, सगळं तिनं खिडकीतून बोटानं दाखवलं.

इथून टोळी फुटली. जेम्सबरोबर होता सोतिरिस स्कांझिकास, ग्रीक वैमानिक. दोघांना दक्षिणेचे कर्कोनोशे डोंगर ओलांडून चेकोस्लोव्हाकियात उतरायचं होतं. नकाशावर ते सोपं दिसतं. आम्ही गेलो तेव्हा मे महिना असूनही १,६०३ मीटर उंचीच्या श्नेष्का शिखरावर पांढरे पट्टे होते. मार्चमध्ये, ओल्या बुटांनी, गुडघाभर बर्फातून ते कितपत जाणार? संध्याकाळी थिजून दोघं खाली हिर्शबर्गला आले आणि तिथल्या पश्चिमेच्या स्टेशनवर पोलिसांच्या हाती लागले. बोगद्यातून निघाल्याला चोवीस तासही झाले नव्हते.

हिर्शबर्गचं आता येलेन्या गुरा झालंय. स्टेशनावर या दोघांची खूण म्हणावी असं आम्हाला काही आढळलं नाही. एक मुलगा सायकल घेऊन उभा होता, आणि भिंतीवर फवारलेली फुटबॉल क्लबाची नावं. त्या मानानं गावातला चौक फारच देखणा आहे, रंगीत कमानींचा. पण माझं मन रमलं नाही. डोक्यात एकच. एकाच बाकावर पकडलेली दोन माणसं, सारखाच गुन्हा, सारखाच गणवेश. पुढच्या काही दिवसांत स्कांझिकासला गोळी घातली आणि जेम्सला बर्लिनकडे पाठवलं. कुणाला मारायचं हे गुन्हे पोलिसांचा प्रमुख आर्थर नेबे यानं कार्डं चाळून ठरवलं होतं. (हिटलरविरोधी कटात सापडून त्याला पुढच्याच मार्चमध्ये फाशी झाली.) मामांना मी विचारलं, जेम्स का वाचला असेल? ते म्हणाले, "कारण शोधू नकोस. वेडी होशील."

पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात. पाणी, फळं, ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवा. आम्ही पेट्रोल पंपावरच्या बिस्किटांवर बर्लिन गाठलं.

मंगळवार : साक्सेनहाउसेन

सोमवारचा दिवस मामेबहिणीनं सक्तीच्या विश्रांतीचा केला. बर्लिनजवळच्या बीलित्झच्या पांढऱ्या शतावरीचा, म्हणजे अस्पॅरॅगसचा, हंगाम चालू होता. बर्लिनमध्ये जिथं तिथं त्याचे गाडे आणि हॉटेलांच्या पाट्यांवर तोच पदार्थ. बटाटे आणि लोण्याच्या सॉसबरोबर मामांनी खाल्ला आणि "आजाऱ्याला द्यायला बरा" असा शेरा मारला.

मंगळवारी एस-१ लोकलनं शेवटच्या ओरानियनबुर्ग स्टेशनला उतरलो. तिथून छावणी चालत वीस मिनिटं. वाटेत लोकांची नीटनेटकी घरं, कुंपणांवर लायलॅक फुललेला. प्रवेश फुकट आहे, पण ऑडिओ गाइड जरूर घ्या. मैदान अफाट आणि उघडं आहे, वारा झोंबतो; मेमध्येही जाड जाकीट हवंच. वयस्कर माणूस बरोबर असेल तर बाकं कुठं आहेत ते आधी हेरून ठेवा.

१९३६ मध्ये उभारलेली ही छळछावणी त्रिकोणी आखणीची. टोकाशी फाटक, आणि तिथून एक मशीनगन सगळ्या बराकींवर रोखता यावी असा हिशेब. १९४५ पर्यंत दोन लाखांच्या आसपास माणसं इथं कोंडली गेली. १९४१ च्या शरद ऋतूत दहा हजारांहून जास्त सोव्हिएत युद्धकैदी इथं मारले. बूट तपासायची धावपट्टीही बघितली : निरनिराळे थर पसरलेला मार्ग, त्यावर कैद्यांनी बुटांचे तळवे झिजेपर्यंत चालायचं. मामा तिथं बाकावर बसले ते अर्धा तास उठले नाहीत. मी एकटीच पुढे जाऊन आले.

झागानमधून सुटलेल्यांपैकी चौघांना इथं आणलं : जेम्स, बॉम्बर वैमानिकच असलेला आणि युद्धाच्या दुसऱ्याच महिन्यापासून कैदेत असलेला हॅरी डे, सिडनी डाउस आणि जॉनी डॉज. त्यांना मुख्य भिंतीबाहेरच्या खास कोठ्यात, झोंडरलागर आ मध्ये ठेवलं. स्टालिनचा मुलगा याकोव्ह वर्षभरापूर्वी याच ठिकाणी मेला होता. इथून कुणी सुटत नसतं, असं त्यांना पहिल्याच दिवशी ऐकवलं गेलं असणार. जेम्स आणि डाउसनी खोलीच्या फळ्या उचकटून जेवणाच्या सुरीनं खणायला सुरुवात केली.

सागानला सहाशे माणसं राबत होती. खणणारे, शिवणारे, खोटी कागदपत्रं करणारे, पहारा देणारे. इथं दोघं आणि एक सुरी. भाता नाही, दिवे नाहीत, ढकलगाडी नाही. शंभर फुटांहून लांब बोगदा त्यांनी तसाच खणला आणि २३ सप्टेंबर १९४४ च्या रात्री पाच जण बाहेर पडले. पाचवा होता जॅक चर्चिल, युद्धात तलवार आणि बॅगपाइप घेऊन उतरणारा वल्ली कमांडो. पन्नास सोबत्यांचं काय झालं हे तोवर त्यांना ठाऊक होतं, म्हणून या बोगद्यापुढे मला सागानचा हॅरी बोगदा फिका वाटतो. याचं स्मारक म्हणावं असं काही आम्हाला दिसलं नाही. जेम्स आणि चर्चिल रेल्वेमार्ग धरून उत्तरेला बाल्टिककडे चालत राहिले आणि दोनेक आठवड्यांनी सापडले. मग मात्र भिंतीच्या आत, त्सेलेनबाऊ या तुरुंगात, एकांत कोठडी.

त्या तुरुंगाची एक बाजू अजून उभी आहे. हिटलरला विरोध करणारा पास्टर नीम्योलर इथं होता, हिटलरवर बॉम्ब लावणारा सुतार गेओर्ग एल्झर इथं होता. कोठडीच्या दाराशी उभी राहिले तेव्हा मला मामांनी सकाळी लोकलमध्ये सांगितलेली गोष्ट आठवत होती. १९६४ मध्ये पश्चिम जर्मनीनं नाझी छळाला बळी पडलेल्या ब्रिटिश नागरिकांसाठी दहा लाख पौंड दिले. साक्सेनहाउसेनमधल्या या कैद्यांनी अर्ज केले, तर ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यानं नाकारले. का? तर झोंडरलागर आणि त्सेलेनबाऊ ही खरी छळछावणी नव्हेच! एअरी नीव्ह या खासदारानं प्रकरण लावून धरलं; स्वतः युद्धात कोल्डिट्झच्या किल्ल्यातल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून निसटलेला माणूस तो. ब्रिटनमध्ये नुकताच नेमलेला संसदीय लोकपाल, एडमंड कॉम्प्टन, यानं १९६७ च्या अखेरीस खात्यावर ठपका ठेवला आणि पुढच्या वर्षी भरपाई मिळाली. मामांना पेन्शनच्या कागदांचा स्वतःचा अनुभव आहे. ते म्हणाले, "जर्मनांच्या भिंतीखालून खणता येतं. फायलीखालून कसं खणणार?"

बुधवार : रेल्वे

दिवसभर प्रवास. बर्लिन, म्युनिक, इन्सब्रुक, ब्रेनर खिंड, आणि फोर्तेझाला बदलून पुस्तेरिया खोऱ्यातली लहान गाडी. एक जोडगाडी चुकली, तास-दीड तास फलाटावर गेला, एवढंच. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा एकदा असला की जर्मनी, पोलंड, ऑस्ट्रिया, इटली सगळं त्यातच येतं. पण ब्रेनरच्या आसपास पोलीस डब्यात येऊन कागद बघतात, पासपोर्ट वरच्या खिशात ठेवा.

एप्रिल १९४५ मध्ये जेम्सलाही याच दिशेनं नेलं. साक्सेनहाउसेनहून फ्लोसेनब्युर्ग, मग डाखाऊ, मग इन्सब्रुकजवळचं राइखेनाऊ. वाटाघाटींत उपयोगी पडतील अशी ओलिसं एसएसनं, म्हणजे छळछावण्या चालवणाऱ्या नाझी दलानं, गोळा केली होती, एकूण १३९. फ्रान्सचे माजी पंतप्रधान लेओं ब्लूम, ऑस्ट्रियाचे माजी चान्सलर शुश्निग, हिटलरचा अर्थमंत्री असलेला शाख्ट, जनरल हाल्डर, हिटलरविरोधी कटातल्या श्टाउफेनबेर्गचे नातेवाईक. आणि त्यांत आसामात जन्मलेला, सारखा खणणारा एक फ्लाइट लेफ्टनंट.

गाडीत मामांनी पारुळकरांचा विषय काढला, तो निघणारच होता. दिलीप पारुळकर, सुखोई-७ चे वैमानिक, १० डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानात पाडले गेले. रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरून ऑगस्ट १९७२ मध्ये ते मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह पळाले आणि अफगाण सरहद्द हाकेच्या अंतरावर असताना पकडले गेले. लंडी खाना या स्टेशनची चौकशी केली आणि तिथंच फसले. तिकडची रेल्वे कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडली होती. मी म्हटलं, मामा, युद्ध संपलेलं, आज ना उद्या सोडणारच होते, मग कशाला? मामा खिडकीतून बघत राहिले. "पायलटला कोंडलं की तो विमानाऐवजी भिंत दुरुस्त करायला घेतो," म्हणाले. मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. पण जेम्सच्या डझनाहून जास्त प्रयत्नांना माझ्याकडे तरी याहून बरं उत्तर कुठं आहे?

गुरुवार : विलाबास्सा आणि ब्राएसचं तळं

इटलीतलं विलाबास्सा, जर्मन नाव नीडरडॉर्फ. सगळ्या पाट्या दोन भाषांत. आमच्या मुक्कामाच्या घराची मालकीण सत्तरीची, मामांशी वयाच्या बरोबरीनं बोलणारी. तिच्या आईनं चौकात उभ्या राहिलेल्या ओलिसांच्या बस पाहिल्या होत्या. भुकेल्या, विटक्या कोटांतल्या लोकांना गावकऱ्यांनी घरांत घेतलं, असं ती सांगत होती. २८ एप्रिल १९४५ ची गोष्ट. पहारेकऱ्यांना या सगळ्यांना मारून टाकायचा हुकूम असल्याची धास्ती कैद्यांत होती. त्यांच्यातल्याच कर्नल फॉन बोनिननं कसाबसा फोन गाठून जर्मन लष्कराला मदत मागितली. कॅप्टन विखार्ड फॉन आल्वेन्सलेबेन सैनिक घेऊन आला आणि त्यानं एसएसला हुसकून लावलं. जर्मन कैद्यांना आणि शत्रूंना जर्मन सैन्यानं जर्मन एसएसपासून सोडवलं! ३० एप्रिलला सगळ्यांना वर तळ्याकाठच्या, युद्धामुळे बंद पडलेल्या हॉटेलात हलवलं. मालकीण एम्मा हाइस-हेलेनस्टाइनर हिनं ते उघडून दिलं.

आम्ही सकाळची पहिली बस धरली. हा सल्ला गांभीर्यानं घ्या. ब्राएसचं तळं फोटोंमुळे इतकं प्रसिद्ध झालंय की नऊनंतर लाकडी बोटघराशी रांग लागते. जुलै ते सप्टेंबरच्या मोसमात दिवसा खासगी गाड्या आरक्षणाशिवाय वर सोडत नाहीत. आम्हाला निवांत तासभर मिळाला. पाणी हिरवं-निळं, पलीकडे २,८१० मीटरचा झेकोफेल ताज्या बर्फानं माखलेला, कडेला छोटं चॅपेल. आणि काठावरच १८९९ चं ते हॉटेल, तेच, चालू स्थितीत. त्या कैद्यांविषयीचा कागदपत्रांचा संग्रह हॉटेलात सांभाळलाय. बघायचा तर आधी पत्र लिहून विचारा.

हॅरी डे नाझींशी लढणाऱ्या एका स्थानिक माणसाबरोबर इथून निसटून अमेरिकनांना आणायला गेला. जॅक चर्चिल त्याआधीच चालत सटकला होता. ४ मे १९४५ ला अमेरिकन तुकडी वर पोचली. जेम्सला या वेळी काही खणावं लागलं नाही. नंतर त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला, तो परराष्ट्र खात्याच्या नोकरीत गेला. म्हातारपणी झागानच्या रानात तो अनेकदा परतला, आणि १८ जानेवारी २००८ ला, ९२ व्या वर्षी वारला.

मामांनी बोट भाड्यानं घ्यायचा हट्ट धरला. वल्ही मी मारली. ते पुढे बसून हॉटेलच्या खिडक्या मोजत होते आणि कोणत्या मजल्यावर कुणाला ठेवलं असेल याचे अंदाज बांधत होते. शाख्टला तळ्याकडची खोली मिळाली असणार, जेम्सला मागची, याबद्दल त्यांना शंका नव्हती. दुपारी पालकाचे क्न्योडल खाल्ले, ब्रेडचे वाफवलेले गोळे, वर तुपासारखं लोणी आणि चीज. मामांना युरोपात पहिल्यांदा जेवल्यासारखं वाटलं. वर श्ट्रूडल नावाचा गोड पदार्थ.

तेवढ्यात मामेबहिणीचा फोन आला. पुढच्या वेळी छावण्या पुरे, एखादा राजवाडा, बाग, काहीतरी बघा, असं तिनं बजावलं. मामांनी फोन कानाला लावून माझ्याकडे डोळा मिचकावला. "अगं, पुढच्या वेळी समुद्रावर जाऊ," म्हणाले. "बार्ट म्हणून एक गाव आहे बाल्टिकला. हवा चांगली असते म्हणे."